साहेब येईपर्यंत थांबायचं नाही: कामाच्या जागेवरची पहिली पाच मिनिटं

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या एका नाईट क्लबला मध्यरात्री आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यांतली बहुतेक तिथेच नोकरीला होती, पोटासाठी लांबून गोव्यात आलेली. परवाने कुणी दिले, बांधकाम कसं होतं, तपासणी कुणी करायची होती, यावर पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोललं जायलाच हवं होतं. पण गोव्यात हॉटेल, कारखाना, दुकान, शाळा किंवा कार्यालय चालवणाऱ्यांनी आणि तिथे राबणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आज रात्री आपल्याकडे असं काही झालं, तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करील?

पाच मिनिटं एवढ्यासाठी, की त्यानंतरचं फारसं आपल्या हातात राहत नाही. बंद जागेत आग आधी एका कोपऱ्यात असते. गरम धूर छताखाली साचतो, तिथून खाली उतरू लागतो आणि बघता बघता उभ्या माणसाच्या नाकातोंडाशी येतो. फोम, प्लास्टिक, रेक्झिन, पडदे जळतात तेव्हा त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. ज्वाळा अंगापर्यंत पोचायच्या आधीच माणूस शुद्ध हरपतो. अग्निशामक दलाचे जवान कितीही तातडीने निघाले तरी केंद्रापासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता त्यांना कापावाच लागतो. डिसेंबरच्या संध्याकाळी कळंगुट-बागाच्या रस्त्यावर स्कूटर पुढे सरकत नाही, तिथे बंबाची काय कथा! हडफडेतही वाट अरुंद असल्याने बंब दूर उभे करावे लागले. म्हणजे बंब येईपर्यंत जे काही करायचं ते तिथे हजर असलेल्यांनीच. आणि अशा अवेळी हजर असतात ते बहुधा सगळ्यांत कमी पगाराचे लोक: हेल्पर, वॉचमन, रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट.

‘साहेबांना विचारतो’

आग लागली की लोक सैरावैरा पळत सुटतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक माणसं थबकतात. घंटा वाजली की आधी आजूबाजूला बघतात. बाकीचे बसलेत, मग आपणही बसू. कुणी म्हणतं टेस्टिंग असेल. कुणी हातातलं बिल पुरं करतो, कुणी चार्जिंगला लावलेला फोन आणायला मागे वळतो. आणि ज्याने धूर पाहिलेला असतो तो म्हणतो, ‘‘साहेबांना विचारतो.’’ साहेब मडगावला लग्नाला गेलेले, फोन उचलत नाहीत. मॅनेजरला फोन लावला तर तो सांगतो, ‘‘आधी नीट बघ, उगाच गिऱ्हाइकांना घाबरवू नकोस.’’ यात कुणाचीच नियत खोटी नसते, पण हातची पाच मिनिटं इथेच संपतात.

म्हणून माझ्या मते तयारीचं सगळ्यात महत्त्वाचं काम कागदाचंही नाही आणि सामानाचंही नाही. ते अधिकाराचं आहे. धोका दिसला की ओरडायचा, घंटा वाजवायचा आणि ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबराला फोन लावायचा हक्क झाडलोट करणाऱ्या मावशींपासून सगळ्यांना हवा. जागा रिकामी करायचा निर्णय त्या पाळीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने घ्यायचा, मालकाला न विचारता. अलार्म खोटा निघाला तर कुणाचा पगार कापला जाणार नाही, कुणाला बोलणी खावी लागणार नाहीत. हे मालकाने स्वतः सगळ्यांसमोर सांगावं, खाली सही करावी आणि तो कागद भिंतीवर लावावा. खोट्या अलार्मवरून एकदा कुणाला झापलं, की पुन्हा घंटेला कुणी हात लावत नाही.

प्रत्येक कामासमोर दोन नावं लिहायची. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कोण बंद करणार, मेन स्विच कोण पाडणार, टॉयलेट आणि कोल्ड रूम रिकामी आहे हे कोण बघणार, हजेरीचं रजिस्टर घेऊन बाहेर कोण पडणार. एकच नाव लिहिलं तर नेमका त्याच दिवशी त्याचा वीकली ऑफ असतो. चतुर्थीच्या दिवसांत तर अख्खा कारखाना दोन वॉचमनवर सोडून सगळे गावी जातात. त्या दिवसांची यादी वेगळी करायला हवी आणि त्या दोघांना सगळे व्हॉल्व्ह, स्विच प्रत्यक्ष हाताने बंद करून दाखवायला हवेत.

आपल्याकडे नेमकं काय होऊ शकतं?

इंटरनेटवरून उतरवलेला प्लॅन इथेच उघडा पडतो. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पेट घेणारे सॉल्व्हंट असतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बांबू, माडाच्या झावळ्या आणि गॅस सिलिंडर शेजारी-शेजारी. पणजीतल्या जुन्या घरात थाटलेल्या ऑफिसात लाकडी जिना आणि जुनाट वायरिंग. सत्तरीत, डिचोलीत नदीचं पाणी. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतला रंगाचा कारखाना पेटला तेव्हा आसपासच्या लोकांनाही घरं सोडावी लागली होती. तेव्हा फक्त आपलंच छप्पर बघून भागत नाही. शेजारच्या शेडमध्ये काय साठवलंय तेही माहीत हवं.

हॉटेलच्या स्वयंपाकघराबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण गोव्यात अशी स्वयंपाकघरं गावोगाव आहेत. फ्रायरमधलं किंवा कढईतलं तेल प्रमाणाबाहेर तापलं की आधी धूर सोडतं. तेव्हाच गॅस बंद केला तर गोष्ट तिथेच मिटते. लक्ष गेलं नाही तर तेल आपसूक पेट घेतं. जवळच भांडी घासणारा मुलगा असतो, हाताशी पाण्याची बादली असते, आणि आग पाण्याने विझते एवढंच त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तेलात खाली जातं. तिथे क्षणात त्याची वाफ होते, ही वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते आणि पेटतं तेल उसळवून थेट छतापर्यंत फेकते. कढईतली आग आता सगळ्या स्वयंपाकघराची झालेली असते.

तेव्हा करायचं ते असं. शेगडी बंद, जमल्यास मागचा व्हॉल्व्हही बंद. कढईपेक्षा मोठं पत्र्याचं झाकण किंवा फायर ब्लँकेट आपल्या बाजूने पुढे सरकवत तिच्यावर ठेवायचं आणि मग तिला हात लावायचा नाही. कढई उचलून बाहेर न्यायला गेलं की पेटतं तेल पायांवर सांडतं. विझलं का ते बघायला झाकण लगेच उचलायचं नाही, गरम तेलाला हवा मिळाली की ते पुन्हा भडकतं. हे झाकण कायम शेगडीच्या बाजूला टांगलेलं असावं. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलं तर ते काढायला आगीवरूनच हात न्यावा लागतो. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये साचलेलं तेलही ठरलेल्या दिवशी साफ व्हायला हवं, नाहीतर खालची ज्वाळा त्याच वाटेने छतापर्यंत जाते. आणि कुणी भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

भिंतीवरच्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरविषयी बऱ्याच कामगारांना दोन गोष्टी कुणी सांगितलेल्याच नसतात. पहिली, सगळे सिलिंडर सगळ्या आगींना चालत नाहीत. खाद्यतेलाच्या आगीला ‘के टाइप’, विजेच्या पॅनलला सीओटू, आणि बाकी बहुतेक ठिकाणी एबीसी पावडर. दुसरी, नेहमीचा हातात धरायचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामा होतो. त्यामुळे तो कागदाच्या टोपलीएवढ्या आगीसाठी आहे. पिन ओढायची, बाहेर जायचं दार पाठीशी ठेवून उभं राहायचं, नळी आगीच्या बुडाशी रोखायची आणि दांडा दाबून डावीकडून उजवीकडे फिरवत जायचं. एक सिलिंडर संपला आणि आग उरली, की बाहेर. दर महिन्याला कुणीतरी जाऊन सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, सील तुटलेलं नाही ना, नळी कुरतडलेली नाही ना हे बघून चिठ्ठीवर तारीख घालावी.

गॅसचा वास आला तर वेगळी गोष्ट. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत आणि तळघरात साचून राहतो. तेव्हा विजेचं बटण चालू करायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही, दोन्ही वेळी ठिणगी उडू शकते. दारं-खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची आणि मग लांबून १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते. एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या, टाक्या आणि सेप्टिक टँक. मोठ्या हॉटेलांत, वसाहतींत त्या असतातच. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. तो आत उतरतो आणि कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा. देशभरात अशाच रीतीने एका टाकीत तीन-तीन, चार-चार माणसं गेली आहेत आणि त्यांतली कितीतरी दुसऱ्याला वाचवायला गेलेली होती. संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधी प्रत्येक प्लंबरला, माळीबाबांना, सुपरवायझरला हे तोंडपाठ हवं: आत कुणी पडलं तरी मी उतरणार नाही, ११२ ला फोन करीन, झाकणं उघडीन, बाहेरून ताज्या हवेचा झोत आत सोडीन. मित्र समोर पडलेला असताना हे ऐकायला फार कठोर वाटतं, म्हणूनच ते शांतपणे, आधी, पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

मासळी प्रक्रिया करणारे कारखाने, बर्फाचे कारखाने, मोठी शीतगृहं यांचा धोका म्हणजे अमोनिया. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि भररात्री आसपासच्या घरांतून लोकांना बाहेर पडावं लागलं, हे मुरगाववाल्यांच्या लक्षात असेल. हा वायू डोळ्यांना, घशाला, फुप्फुसांना भाजतो. सुटायचं तर वाऱ्याला आडवं निघून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जायचं, ओला कपडा नाकातोंडावर धरायचा, डोळ्यांत गेला असेल तर निदान पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहायचं. इथे असेंब्ली पॉइंटची गडबड होते. किनारपट्टीत दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बऱ्याचदा जमिनीकडून. दुपारी पाहणी करून ठरवलेली जमायची जागा रात्री नेमकी वायूच्या वाटेवर येऊ शकते. म्हणून दोन विरुद्ध दिशांना दोन जागा ठरवाव्यात आणि वारा कुठून येतोय हे दाखवणारं कापडी निशाण उंचावर, रात्रीही दिसेल असं लावावं.

दार, रजिस्टर आणि फोन

मागचं दार जाऊन बघा. बाहेरच्या बाजूला बिअरचे रिकामे क्रेट रचलेले असतात, आतून कुलूप असतं, आणि किल्ली असते कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये. कारणं खरी असतात: माल चोरीला जातो, गिऱ्हाईक पैसे न देता सटकतं. पण त्यावर आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं कुलूप मिळतं. दार पळण्याच्या दिशेने, म्हणजे बाहेर, उघडायला हवं. दिवे गेल्यावर पेटणारा दिवा त्या वाटेवर हवा, बाणाची पाटी धुरातही दिसेल अशी खालीही हवी, आणि लिफ्ट कुणीही वापरायची नाही. धुरात वाकून, जमिनीलगत जायचं. तळघरात कुणी काम करत असेल तर त्याला तिथून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? नसेल तर तळघरात माणूस ठेवू नये, मग जागेची कितीही टंचाई असो.

बाहेर पडल्यावर मोजणी. हजेरी फक्त बायोमेट्रिकवर असेल तर वीज गेल्यावर आत कोण होतं ते सांगणार कोण? गेटवर कागदी रजिस्टर ठेवावं, त्यात कॉन्ट्रॅक्टचे कामगार, मासे घेऊन आलेला टेम्पोवाला, एसी दुरुस्तीचा मुलगा, सगळ्यांची नावं असावीत. एखादा कमी भरला तर ‘‘गेला असेल घरी’’ म्हणायचं नाही, जवानांना सांगायचं. स्वतः आत परतायचं नाही.

याच रजिस्टरला जोडून आणखी एक वही मी आग्रहाने मागतो. ओडिशा, झारखंड, आसाम, नेपाळ, कर्नाटकातून आलेल्या प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर, रक्तगट, आणि घरच्यांना कळेल अशी भाषा बोलणाऱ्या सहकाऱ्याचं नाव. सीझनपुरत्या आलेल्या मुलाला स्टाफ क्वार्टरमध्ये नुसतं ‘छोटू’ म्हणून ओळखतात. तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बेशुद्ध पडला असेल तर त्याच्या आईला कोण कळवणार?

११२ ला फोन केल्यावर काय बोलायचं तेही लिहून फोनशेजारी चिकटवावं. गोव्यात पत्ता घरक्रमांकावर सापडत नाही. गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च), कुठल्या बाजूचं गेट, काय झालंय, आत किती माणसं अडकलीत. समोरच्याने ठेवायच्या आधी आपण फोन ठेवायचा नाही. एकाने लगेच मुख्य रस्त्यावर जाऊन उभं राहायचं आणि बंबाला वाट दाखवायची, दुसऱ्याने वाटेतल्या गाड्या हलवायच्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि कुणी अचानक कोसळला, श्वास घेत नसेल, तर १०८ येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच, मग माणसाला स्पर्श. एवढं येणारे प्रत्येक पाळीत दोघे तरी असावेत.

पावसाची तयारी त्या मानाने सोपी, कारण तो सांगून येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडं आणि खांब पाडले, कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच वर्षी जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला. तेव्हा जनरेटर आणि मुख्य पॅनल तळघरात नकोत, डिझेल आणि पॉवर बँक मेमध्येच भरलेली हवी, महत्त्वाचे नंबर कागदावर हवेत, आणि रेड अलर्टच्या दिवशी कामगारांना घरी कधी सोडायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. पाणी रस्त्यावर आल्यावर सोडणं म्हणजे त्यांना पाण्यात लोटणं.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी आपत्कालीन आराखड्याची तरतूद आली. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी मोठा साठा ठेवणाऱ्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्याच्या जागी नवी कामगार सुरक्षा संहिता आली आहे. छोट्या रेस्टॉरंटला यातलं सगळं लागू होत नाही, पण त्या रेस्टॉरंटमधलं तेल पेटायचं थांबत नाही.

ड्रिल खरी कशी करायची?

गोव्यात हॉटेलांचा स्टाफ दर ऑक्टोबरला अर्ध्याहून जास्त नवा असू शकतो. मार्चमध्ये शिकवलेलं तोवर गावी निघून गेलेलं असतं. त्यामुळे सीझनच्या पहिल्या आठवड्यात ड्रिल झालीच पाहिजे, आणि नवा माणूस जेव्हा येईल तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला दोन्ही दारांतून प्रत्यक्ष चालवत बाहेर न्यायचं. सूचना इंग्रजीत छापून काम होत नाही. हिंदी, कोंकणी, मराठी, कन्नड, जी भाषा त्या पाळीत बोलली जाते त्यात सांगायचं आणि त्यालाच उलट सांगायला लावायचं.

सकाळी अकरा वाजता, सगळे जेवणाआधी मोकळे असताना, आधी नोटीस लावून केलेली ड्रिल फोटोपुरती होते. खरी परीक्षा शनिवारी रात्री, स्वयंपाकघर ऐन धांदलीत असताना होते. तेव्हा गिऱ्हाइकं असतात हे खरं, म्हणून दारं बंद झाल्यावर लगेच, स्टाफ दमलेला असताना घ्या. एक दार ‘धुराने भरलंय’ असं सांगून अडवा. सुपरवायझरला बाजूला बसवा आणि त्याच्याशिवाय काय होतं ते बघा. फोन आणायला कोण मागे फिरलं, घंटेचा आवाज कोल्ड रूममध्ये पोचला का, पाय दुखणाऱ्या काकांना जिन्यावर कुणी हात दिला, शेवटचा माणूस किती मिनिटांनी बाहेर आला, हे कुणीतरी घड्याळ घेऊन लिहून काढा.

मग तिथेच, असेंब्ली पॉइंटवर, दहा मिनिटं उभं राहून बोला आणि आधी बोलायला सगळ्यांत नव्या माणसाला द्या, कारण मॅनेजर आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. जे सापडेल ते लिहा: मागच्या दाराची कडी गंजलीय, के टाइपचा सिलिंडर फ्रीजच्या मागे गेलाय, रात्रीच्या वॉचमनला गॅसचा व्हॉल्व्ह कुठला ते माहीत नव्हतं. प्रत्येकासमोर नाव आणि तारीख घालून तो कागद स्वयंपाकघराच्या दाराशी लावा, आणि ती तारीख आली की मालकाने स्वतः जाऊन कडी उघडून बघावी.